उजवा कान

हे मी एकटा असतानासुद्धा कधी मोठ्यानं बोललेलो नाही. तोंडातून बाहेर पडलं की ते खरं होईल, अशी एक वेडी भीती — जणू न बोलल्यानं ते खोटं ठरणार होतं. तुम्ही ऐकताय म्हणून सांगतो. पण थेट तिथवर पोचता येईल असं वाटत नाही. जरा आडवाटेनं जाऊ द्या मला.

वसंतापासून सुरू करतो. वसंता आणि मी एकाच तालुक्यातले, सांगलीकडचे. तिकडच्याच एका लहान कारखान्यात आम्ही दोघं फिटर म्हणून लागलो. तिथं बॉयलरचे पत्रे रिव्हेट मारून जोडायचे. दिवसभर घणांचा आवाज, आणि माझी जागा अशी की तो सगळा मार डाव्या कानावर. तो कान हळूहळू गेला. कुणाला सांगितलं नाही. यंत्राच्या माणसाचा कान जाणं म्हणजे सोनाराची नजर जाणं — कोण ठेवतो मग कामावर? फक्त वसंताला सांगितलं. त्यानंतर तो कायम माझ्या उजव्या हाताला चालायचा. मी कधी म्हटलं नव्हतं तसं. आपणहून.

पुढं पुण्याबाहेर, मुंबईच्या रस्त्याला, नवे कारखाने उभे राहायला लागले — पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही दोघं निघून आलो. चिंचवडला शेजारी-शेजारी खोल्या घेतल्या, मग बायका आणल्या. माझी इंदू, त्याची मालती. इंदूला सख्खा भाऊ नाही, तर भाऊबीजेला ती वसंताला ओवाळायची. कारखाना पिंपरीच्या पुढं — लोखंडाचं ओतकाम आणि यंत्रांचे सुटे भाग. कुंपणाच्या तारेला लागून ज्वारी उभी असायची, आणि रस्त्यानं देहूरोडकडं लष्कराचे ट्रक गेले की धूळ थेट आमच्या लेथवर येऊन बसायची.

त्या काळी यंत्र मोडलं की दुरुस्त करायचं, एवढंच ठाऊक. मोडायच्या आधी त्याच्याकडं बघायला वेळ कुणाला होता? पण मला कामाला लागल्यापासून एक खोड होती. जेवणाच्या सुट्टीत मी चालू मशीनपाशी जाऊन हात लावून बघायचो — बेअरिंग कालच्यापेक्षा गरम लागतंय का. तेलाचा थेंब बोटांत चोळायचो, कचकच लागते का बघायचो. आणि एक लांब सळई होती माझी. एक टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवायचं, दुसरं कानाशी. धड बेअरिंगचा आवाज जात्यातून बारीक दळण पडावं तसा — एकसारखा. बिघडायला लागलं की त्यात ठोका येतो. आधी अगदी हलका. शेजारणीनं संकोचून दार वाजवावं, तसा.

मी वसंताला हे सगळं शिकवलं. हात, तेल, सळई. त्याला हाताचं पटकन जमलं, कानाचं तितकं नाही. पण शिकला.

मग नवे साहेब आले. मोठं शिक्षण, परदेशी कारखान्यांत काम केलेलं. त्यांचं म्हणणं एकच — यंत्र बंद पडेपर्यंत वाट बघणं हा अडाणीपणा आहे. ते आजारी पडतंय हे आधी कळलं पाहिजे. मी मनातल्या मनात किती सुखावलो असेन! त्यांनी एक नवी जागा काढली, तपासणी फोरमनची. सगळ्या मशीनची पाळीपाळीनं तपासणी करायची आणि कुठली कधी थांबवायची ते सांगायचं. सगळ्या कारखान्यात एकच नाव चालू होतं, माझं. इंदूनं तर चाळीत सांगूनही टाकलं होतं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली बसायला. तिथंच मला कळायला हवं होतं.

"शंकरराव," ते म्हणाले, "तुमच्या डाव्या कानाचं मला समजलं. वाईट वाटून घेऊ नका. हे काम कानाचं आहे. मी वसंतरावांना द्यायचं ठरवलंय."

त्या कानाचं जगात एकाच माणसाला माहीत होतं.

तुम्हाला कधी असं झालंय? चोरी झाली तर माणूस ओरडतो, मार बसला तर ओरडतो. पण जे आपण विश्वासानं एखाद्याच्या हातावर ठेवलं, त्यानंच ते बाजारात नेऊन विकलं — तर आवाजच निघत नाही. मी तिथून निघालो ते ओतशाळेच्या मागं वाळूच्या ढिगावर जाऊन बसलो. मला राग आला नव्हता अजून. मला लाज वाटत होती. जणू चूक माझी — कान गेल्याची, सांगितल्याची, मित्र असल्याची.

वसंता माझ्याशी त्याबद्दल बोलला नाही. मीही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. चार शिव्या द्यायला पाहिजे होत्या, गचांडी धरायला पाहिजे होती — मग पुढचं काही झालंच नसतं, असं मला राहून राहून वाटतं. पण मी गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणं माझ्या आत नासत गेलं. इंदूनं मालतीशी बोलणं टाकलं. भाऊबीजेला तिनं दार लावून घेतलं. वसंता बाहेर थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. दाराच्या आत मी होतो. मला बरं वाटलं.

आता कॉम्प्रेसरचं सांगायला हवं.

सगळ्या कारखान्याला दाबाची हवा पुरवणारं ते यंत्र. बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठं त्याचं चाक, पोटात दांडा पुढंमागं होतो, हवा दाबली जाते. ते थांबलं की ओतशाळेतली निम्मी कामं थांबली. त्यावर किसन होता. पिंपरी गावातला, जुन्या शेतकरी घरातला, तालमीत घुमलेला गडी. त्यांची जमीन कारखान्यात गेली आणि बदल्यात त्याला काम मिळालं. "आमी आमच्याच रानात नोकरी करतो," म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा. ज्या जागी कॉम्प्रेसर होता तिथं पूर्वी त्यांचा हरभरा असायचा म्हणे.

त्या सकाळी मी फिटिंग शॉपमध्ये काम करत होतो. बाहेरून कुणी बडे पाहुणे कारखाना बघायला येणार होते, त्यामुळं सगळीकडं धावपळ. वसंता आला. कितीतरी महिन्यांनी माझ्यापाशी आला. आणि — हे मी विसरू शकत नाही — येऊन उजव्या बाजूला उभा राहिला.

"शंकर, जरा येतोस? कॉम्प्रेसरच्या तेलात मला चकाकी दिसतेय. हाताला गरमही लागतंय. पण ठोका आहे की नाही ते मला नक्की लागत नाही. आज थांबवायचं म्हणजे साहेब फाडून खातील. तू एकदा ऐक. तू आहे म्हणालास तर मी आत्ता बंद करतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

बघा, तो मला विचारायला आला होता. माझ्या कानाबद्दल सांगून ज्यानं जागा घेतली, तो माझ्याच कानाकडं आला होता! मला त्या क्षणी काय वाटलं, ते मी प्रामाणिकपणे सांगतो. गोड वाटलं. विषासारखं गोड.

गेलो त्याच्याबरोबर. किसननं वाट दिली. "आवो अण्णा, लई दिसानं आमच्याकडं," म्हणाला. मी सळई झाकणावर टेकवली आणि दुसरं टोक उजव्या कानाशी धरलं.

ठोका होता.

हलका नव्हता. संकोचून दार वाजवणारी शेजारीण नव्हती ती. कुणीतरी आत कोंडलेलं माणूस दार बडवत होतं. माझा उजवा कान तेव्हाही शाबूत होता आणि आजही आहे. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज मला पलीकडच्या खोलीतून येतो. मला ऐकू आलं. वसंता माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याला घाम आला होता. मी सळई तशीच धरून ठेवली, गरजेपेक्षा जास्त वेळ — आणि त्या वेळात मी विचार केला. म्हणजे रागाच्या भरात झालं, असं म्हणायची सोय नाही मला. विचार केला. हे बेअरिंग आज जाईल. जाईल म्हणजे आतला मऊ धातू वितळेल, यंत्र अडकेल, थांबेल. पाहुण्यांसमोर थांबेल. साहेब वसंताला विचारतील, तपासणी फोरमन करत काय होता? होऊ दे. कळू दे सगळ्यांना, काम कुणाला येतं ते.

मी सळई खाली घेतली.

"काही नाही," मी म्हणालो. "चालू दे."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. माझ्या पाठीवर हात ठेवला. किसनला म्हणाला, "चालू दे रे. शंकर म्हणतोय म्हणजे झालं."

मी परत माझ्या कामाशी गेलो. कानस हातात घेतली. बंद पडल्याची गडबड कधी ऐकू येते, याची वाट बघत होतो. वाट बघत होतो — लिहून ठेवा हवं तर.

पण यंत्र तसं अडकून थांबलं नाही. दांड्याचे बोल्ट तुटले. आधी एक किंचाळी आली, लोखंडाची, मग धडाका. पत्रे हलले. मी धावलो, सगळेच धावले. दांडा यंत्राचं खालचं ओतीव कवच फोडून बाहेर आला होता. आवाज वाढला तेव्हा बाकीचे बाहेर पळाले, आणि किसन उलटा आत शिरला होता — मोटर बंद करायला. त्याचं कामच होतं ते. ओतीव लोखंडाचा एक तुकडा त्याच्या उजव्या गुडघ्यावर बसला.

तेलात रक्त मिसळत नाही. ते वर तरंगतही नाही नीट. एवढंच मी तेव्हा बघत होतो. वसंतानं स्वतःचा शर्ट फाडून त्याची मांडी आवळली, त्याला उचलला. मी उभाच होतो.

किसनचा पाय गुडघ्यावरून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्हा दोघांना बोलावलं. वसंतानं सगळं खरं सांगितलं. तेलात चकाकी दिसली होती, हाताला गरम लागलं होतं, खात्री नव्हती, म्हणून शंकरला आणलं, त्यानं ऐकून ठीक आहे म्हटलं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.

साहेब माझ्याकडं वळले. आता बघा, इथंही वेळ होती. पाय गेला होता, पण खरं अजून शिल्लक होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो —

"साहेब, मला काही ऐकू आलं नाही. माझ्या कानाचं तर तुम्हाला माहीतच आहे."

जे गुपित वसंतानं फोडलं म्हणून मी वर्षभर जळत होतो, त्याच्याच मागं मी लपलो. साहेब वसंताकडं बघत राहिले. मग फार हळू आवाजात म्हणाले, "यांना ऐकू येत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं ना, वसंतराव? मग तेलात धातू दिसत असताना तुम्ही यांच्या कानावर यंत्र चालू ठेवलंत?"

वसंता माझ्याकडं बघत होता. संशयानं नाही हो — संशयानं बघितलं असतं तर मी कोसळलो असतो आणि सुटलो असतो. त्याच्या डोळ्यांत दया होती. उजवा कान कसा आहे, हे कुणी विचारलंच नाही. बहिरा म्हणजे बहिरा.

त्याची जागा गेली. पुढं नोकरीही त्यानंच सोडली. किसनच्या गावातले लोक गेटवर उभे राहायचे, नाव घेऊन शिव्या द्यायचे, त्याला येणं-जाणं मुश्कील झालं. मला कुणी काही म्हणालं नाही. मला हलकं काम दिलं, स्टोअरमध्ये, आवाजापासून लांब. लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागले आणि मी पहिल्या वेळी ऐकू आलं नाही असं दाखवायला लागलो. घरात मला सगळं ऐकू येतं, हे इंदूला दिसत होतं. तिनं आपलीच समजूत घालून घेतली, की मशीनच्या गोंगाटात जमत नसेल. त्यानंतर कुणी माझ्या हातात सळई दिली नाही. मला जगात एकच गोष्ट उत्तम येत होती, आणि ती मला कधी येतच नव्हती असं ठरलं.

किसनला बघायला पुण्याच्या इस्पितळात गेलो होतो. सांगायचं ठरवून गेलो होतो, हे खरं. पांघरूण एका बाजूला सपाट दिसत होतं. त्यानं मला बघितलं आणि मला ऐकू जावं म्हणून खाटेवरून ओरडला, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला —

"अण्णा, तुमी मनाला लावून घेऊ नगा! तुमाला ऐकूच येत न्हाई, त्येला तुमी काय करनार? त्या वसंतानं घात केला आमचा!"

मी मान हलवली. व्हय म्हटलं. त्याच्याच बोलीत. आणलेली केळी ठेवली आणि निघालो. पुढं तो चाकणजवळ कुरुळीला बहिणीकडं राहायला गेला, असं ऐकलं. चाकणच्या रस्त्याला मी पुन्हा कधी गेलो नाही. काम निघालं तरी दुसऱ्याला पाठवलं.

आता राहिलेलं. मघापासून मी ज्याच्याभोवती फिरतोय ते. तुम्हाला वाटलं असेल, ठोका ऐकून खोटं बोललो तोच माझा गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

चिंचवड सोडून सांगलीकडं परत जायच्या आधी वसंता आमच्या खोलीवर आला. दुपारची वेळ. सामान बांधून झालं होतं त्याचं. इंदूनं दार उघडलं, ती बाजूला झाली. तो माझ्यासमोर खाली जमिनीवर बसला. मग मोठ्यानं बोलायला लागला, मला ऐकू यावं म्हणून.

"शंकर, साहेबांना मीच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. मालतीला दिवस गेले होते, जागा हवी होती, म्हणून सांगितलं. तुझ्याकडून घेतलेलं मी विकलं."

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"आणि बघ ना, तुझा उजवाही गेला आणि तू मला कळूसुद्धा दिलं नाहीस. कसं देणार? एकदा सांगितलंस त्याचं मी काय केलं? मी तसा वागलो नसतो तर तू त्या दिवशी म्हणाला असतास, वसंता, मला आता ऐकू येत नाही बाबा, दुसऱ्याला विचार. तू लाजेनं बोलला नाहीस. ती लाज मी दिली तुला. किसनचा पाय तुझ्यामुळं नाही गेला, शंकर. माझ्यामुळं गेला. तू त्याचं ओझं घेऊ नकोस. एवढंच सांगायला आलोय."

बाहेर मालती टांग्यापाशी कडेवर मूल घेऊन उभी होती. आत इंदू भिंतीला टेकून रडत होती. आणि त्यानं हात जोडले — माझ्यासमोर, ज्यानं माझा केसानं गळा कापला असं मी म्हणायचो, त्यानं — आणि म्हणाला, "जमलं तर माफ कर."

एक वाक्य पुरलं असतं. वसंता, मला ऐकू आलं होतं. इतकंच. तो उठून मला मारता, किंवा थुंकता, किंवा काहीच न करता निघून जाता, पण स्वतःला मोकळा करून जाता. किसनच्या पायाचं ओझं घेऊन तो उरलेला जन्म जगला नसता. आणि तो तसाच जगला. तिकडून येणारे लोक सांगायचे की यंत्राला त्यानं पुन्हा हात लावला नाही, कुणी कशाबद्दल विचारलं तर म्हणायचा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. मग तो गेल्याचंही असंच कुणाकडून तरी कळलं.

त्या दुपारी मी त्याचे जोडलेले हात माझ्या हातांत घेतले. त्याला वर उठवला. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं गेलं सोडून दे, वसंता," मी म्हणालो. "मी माफ केलं तुला."

तो लहान मुलासारखा रडला माझ्या खांद्यावर. इंदूनं चहा ठेवला. तिनं मालतीला आत बोलावलं, पोराच्या हातावर साखर ठेवली. टांगा दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो.

पुढं कितीतरी वर्षं इंदू ही गोष्ट लोकांना सांगायची. लग्नाकार्यात, पाहुण्यांत, कुणी कुणावर रुसलं की. म्हणायची, यांच्याकडं बघा, सख्ख्या मित्रानं एवढा दगा दिला, तरी यांनी माफ केलं. फार मोठं मन आहे यांचं.

मी तिथंच बसलेलो असायचो.